ओळखीची साक्ष

अनोळखी दुकानासमोर माणूस घुटमळतो आणि आत दोन ओळखीचे चेहरे दिसले की बिनघोर पायरी चढतो. यात गैर काय? काहीच नाही. सगळ्यांची पारख आपण एकट्याने कोठवर करावयाची! परंतु तीच रीत आता मोबाईलच्या पडद्यावर आली आहे, आणि तेथे तिचे रूप बरेच पालटले आहे.

इन्स्टाग्रामवर कोणाचे पान उघडा, नावाखाली एक ओळ दिसते. आपल्या ओळखीचे अमुक, तमुक आणि आणखी इतके जण यांना 'फॉलो' करतात. फॉलो म्हणजे मागे जाणे. शब्द मोठा, कृती मात्र एका बोटाची; दिंडीत मागे चालावयाचे तर निदान पाय तरी दुखतात. फेसबुकने २००८ साली 'तुम्ही यांना ओळखत असाल' अशी यादी पुढे केली, ट्विटरने (२०२३ पासून ते एक्स म्हणवते) २०१० साली तसेच केले. हिशेब साधा आहे. एकाचे दोन मित्र असले, तर त्या दोघांचीही आपसांत ओळख होण्याचा संभव मोठा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली याच धाग्यावरून दाखविले, की जवळच्यांच्या घोळक्यात तीच ती बातमी फिरते. नवी खबर येते ती बहुधा दूरच्या ओळखीने.

आता कोणी म्हणेल, नऊ ओळखीची माणसे एकामागे गेली, तर त्याच्यात काही असेलच ना? २००६ साली सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अप्रसिद्ध मंडळींची ४८ गाणी, आणि ऐकणारे चौदा हजारांवर. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट करून, आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले तो आकडा दाखविला. गाणी तीच, पण आठ गटांत आठ तर्‍हा! अगदी उत्तम गाणे सहसा बुडाले नाही, अगदी टाकाऊ सहसा तरले नाही. मधल्यांचे काय होईल याचा मात्र नेम राहिला नाही. आधीच्या चार जणांकडे बघून पुढचे गेले, आणि त्या पुढच्यांकडे बघून आणखी पुढचे.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी घरापाशीच कळले. एक गृहस्थ मोबाईलवर आहाराविषयी गोड बोलत. माझ्या ओळखीचे नऊ जण त्यांच्या मागे दिसले, म्हणून मीही बोट लावले. दोन-चार वेळा ऐकले, विसरून गेलो. पुढे ते गृहस्थ मधुमेहाच्या गोळ्या सोडा, अमका काढा घ्या, असे सांगू लागले. मला त्याचा पत्ताही नव्हता. आमच्या शेजारच्या मुलाने, मुलगा कसला, चाळिशीचा बाप्या, गोळ्या सोडल्या. साखर वाढली, पायाची जखम चिघळली, आणि त्याला आठ दिवस इस्पितळात राहावे लागले.

मी कोणाला काही सांगितले नव्हते. तरी माझे नाव तेथे उभे होते आणि दर येणार्‍यापाशी माझ्या वतीने बोलत होते. तोंडाने दिलेली साक्ष एकदा देऊन संपते. ही रात्रंदिवस चालू. न बोललेल्या शब्दाचा दोष लागतो काय? मला वाटते, लागतो. नाव माझे आणि ठेवलेही मीच.

मग मी त्या नऊ जणांना एकेक करून विचारले. चौघांना आठवेचना. तिघांनी दुसर्‍या दोघांची नावे सांगितली. त्या दोघांपैकी एक म्हणाला, तो दुसरा होता म्हणून मी गेलो. आणि तो दुसरा त्या गृहस्थाचा सख्खा मेहुणा निघाला. नऊ साक्षीदार, पण सगळ्यांचे ऐकणे एकाचेच! न्यायाधीशाने याला एक साक्ष म्हटले असते, आणि तीही घरच्या माणसाची.

नाव काढून टाकले आणि शेजारी भेटावयास गेलो. पायाला पट्टी बांधून तो खाटेवर बसला होता. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, तेच जड गेले. म्हणाला, "काका, मला त्या बुवाचं काय कळणार? तुम्ही दिसलात तिथं, म्हटलं काका काही उगाच कुणाच्या मागं जायचे नाहीत. तुम्ही कशाला गेला होता?"

"आधी नऊ जण होते रे," मी म्हणालो.