देहाची वहिवाट

देह हा मनुष्याच्या मालकीचा असतो की केवळ वहिवाटीचा, हा प्रश्न वेदान्ताच्या पाठशाळेत जितका जुना आहे तितकाच तो डोंबिवलीसारख्या उपनगरात, जेथे पहाटेची लोकल गाठणारा कारकून आणि व्यायामशाळेकडे निघालेला तरुण एकाच रस्त्याने जातात, नित्य नवा आहे. लोहमार्गाच्या आधाराने वाढलेल्या या गावातील पुष्कळांच्या देहाचा उत्तमांश मुंबईच्या कचेऱ्यांत आणि गाडीच्या गर्दीत खर्ची पडतो. सायंकाळी जो शेषांश घरी परततो, त्याची निगा राखणे हे धर्मकृत्य मानावे, की आत्मप्रीतीचा एक सभ्य प्रकार?

तुकोबांनी एकाच अभंगात देहाची निंदाही केली आणि स्तुतीही केली, व अखेरीस त्याला भोगांनी माजवू नये आणि दुःखात लोटूही नये असा निवाडा दिला. गीतेचा सतरावा अध्याय देहाला शास्त्रबाह्य रीतीने पीडणाऱ्या तपस्व्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत करतो. परंतु या वचनांतून देहाशी कसे वागावे एवढेच कळते. तो कोणाचा, याचा उलगडा तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत होतो. वरुणाचा पुत्र भृगू तप करून प्रथम अन्न हेच ब्रह्म असे जाणतो, पुढे प्राण, मन आणि विज्ञान या पायऱ्या ओलांडून आनंदापर्यंत पोहोचतो. आणि एवढी उंची गाठल्यावर ते उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळून, अन्नाची निंदा करू नये, ते अव्हेरू नये, ते विपुल करावे, आणि आश्रयास आलेल्या कोणासही परतवू नये, अशी व्रते सांगते. देह अन्नाचा बनलेला आहे आणि अन्न एकट्याच्या हातून कधीच निपजत नाही, हे ज्याने जाणले त्याला देहावर निर्वेध मालकी सांगता येणार नाही.

डोंबिवलीतील पोळीभाजी केंद्रे हे या तत्त्वाचे प्रत्यक्ष भाष्य होय. जेथे नवराबायको दोघेही नोकरीसाठी दूर जातात तेथे संध्याकाळच्या ताटातील पोळी दुसऱ्याच कोणा बाईने लाटलेली असते; वाणी, गिरणीवाला, दूधवाला आणि भाजीवाली या सर्वांच्या श्रमांतून जो देह उभा राहतो त्यालाच व्यायामशाळेतील तरुण ‘माझा’ म्हणतो. रोख रक्कम चुकती केली की हिशेब मिटला, असे कोणी म्हणेल. परंतु पैशाने किंमत फिटते, ऋण फिटत नाही. म्हणून तालमीच्या जागी मासिक वर्गणीची जिम आली याचा मला विषाद वाटत नाही, कारण उस्तादालाही पोट असते आणि व्यापार हा धर्माचा वैरी नव्हे. विषाद वाटतो तो कमावलेले बळ आरशापुढेच संपते तेव्हा. उलट, गुढीपाडव्याच्या सकाळी येथील गणेश मंदिर संस्थानाच्या, म्हणजे 1924 सालापासून या गावात नांदत असलेल्या संस्थेच्या, पुढाकाराने स्वागतयात्रा निघते, तेव्हा पालखीला लागलेला खांदा, तासन्तास ढोल वाजवणारे मनगट आणि लेझमीचा ताल सांभाळणारी पावले पाहिली म्हणजे ते बळ त्याच्या खऱ्या हकदारांकडे पोहोचते असे वाटते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. देहाची निगा हा धर्म ठरला, तर व्याधिग्रस्त, अपंग आणि वृद्ध हे धर्मभ्रष्ट ठरतील काय? वहिवाटदाराची परीक्षा पिकाच्या राशीवर होत असती तर या आक्षेपास उत्तर नव्हते; परंतु अवर्षणाचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे जसे अन्यायाचे, तसेच रोगाचा कसूर रोग्याच्या पदरी घालणेही. धर्म निगराणीत आहे, उत्पन्नात नाही. आणि ज्याच्या हाती आज काहीच निगराणी उरलेली नाही, त्याचा भार उचलणे हेच सशक्ताच्या देहावर बसलेले देणे आहे. जे गाव हे देणे आपखुशीने चुकते करते, त्याच्या व्यायामशाळा, दुकाने आणि देवळे वेगवेगळ्या दारांची असली तरी एकाच धर्माची ठाणी असतात.