थट्टेचा हक्क

थट्टेने माणूस लहान होतो की जवळ येतो? सैन्यातली टोपणनावे ऐकली की हा प्रश्न मला पडतो. ब्रिटिश आरमारातले शिपाई पूर्वी गळ्याशी कातड्याचा पट्टा बांधीत. म्हणून खलाशी त्यांना ‘बूटनेक’ म्हणून डिवचतात. शिपाई उलट खलाशांना ‘मॅटलो’ म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ खलाशीच. आपल्याकडे मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान इतर पलटणींच्या तोंडी ‘गणपत’ असतो. रेजिमेंट १७६८ पासूनची, नाव मात्र गावच्या पारावरचे! तरी शीख जवानाने ‘गणपत’ म्हटले, तर तो हसून ओ देईल. हीच हाक शहरातल्या दिवाणखान्यात एखाद्या खेडुताला उद्देशून निघाली, तर ती झोंबेल.

शब्द एकच, मग फरक कोठे? मला वाटते, थट्टेचा हक्क सोबतीने मिळवावा लागतो. ज्याच्या शेजारी उद्या खंदकात बसायचे, त्यालाच आज टोचून बोलता येते.

आमच्या माकणीजवळचे सास्तूर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात कोसळले. त्या भागातले ढिगारे उपसायला लष्कराचे जवान आले. दगडाखालच्या माणसाला त्यांची पलटण कोणती, याच्याशी काय कर्तव्य?

दिवाळीत साडू-मेव्हणे, नणंदा-भावजया एकमेकांची खोड काढतीलच. खुशाल काढावी. आधी मनाशी एवढेच विचारावे : याच्या घराची भिंत पडली, तर दगड उचलायला मी धावेन ना?