आत्मरक्षणाचें कर्तव्य आणि खेळ

कर्तव्य गोड करून दिलें असतां तें कर्तव्य राहतें कीं नाहीं, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न अलीकडे एका अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे हृद्रोग्याच्या उशाशीं, येऊन उभा राहिला आहे. जीर्ण हृदयविकारानें ग्रस्त झालेल्या मनुष्यानें स्वतःची काळजी घ्यावी म्हणून त्याच्या हातीं डिजिटल खेळ द्यावा, असे प्रयोग पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षें चालू आहेत. त्यांची थट्टा करणें सोपें आहे. पण त्यांचा विचार करणें अधिक उपयुक्त होईल.

प्रथम रोग्याचें कर्तव्य काय तें पाहूं. हृदय दुर्बल झालें म्हणजे मूत्रपिंडें मीठ व पाणी शरीरांत राखूं लागतात. हें सांचलेलें पाणी, पायांवर सूज दिसण्यापूर्वीं किंवा दम लागण्यापूर्वीं, पुष्कळदां वजनाच्या कांट्यावर दिसतें. म्हणून रोज सकाळीं वजन करावें, मीठ बेतानें खावें, औषधें चुकवूं नयेत, झेपेल तितकें चालावें, आणि तीन दिवसांत वजन २ किलोहून अधिक वाढल्यास डॉक्टरांस कळवावें, एवढाच हा नित्यक्रम. यांत समजण्यास कठीण असें कांहींच नाहीं. तरीहि शहाणीं माणसें तो मोडतात. याचें कारण असें कीं, या व्रताचें फळ अभावरूप आहे. नियम पाळला तर काय घडतें? कांहींच घडत नाहीं! दम लागत नाहीं, इस्पितळांत जावें लागत नाहीं. लोणच्याची फोड टाळल्याचें दुःख मात्र त्याच घटकेस जिभेवर असतें. न घडलेल्या संकटाबद्दल रोज सकाळीं कृतज्ञ राहण्याइतकी कल्पनाशक्ति फारच थोड्यांस असते.

खेळ नेमकी हीच उणीव भरून काढूं पाहतो. अदृश्य फळास तो दृश्य रूप देतो. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठांत परिचर्याशास्त्राच्या संशोधकांनीं असा एक खेळ रचला कीं, रोग्यानें खऱ्या कांट्यावर वजन केलें व तो खरोखर चालला, म्हणजे त्याची नोंद आपोआप खेळांत उतरावी आणि त्याची प्रगति तिच्यावर अवलंबून असावी. २०२४ सालीं ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत हृद्रोग असलेल्या अथवा त्याचा विशेष धोका असलेल्या १,०६२ व्यक्ति होत्या. त्यांतील खेळणाऱ्यांस दर आठवड्याच्या आरंभीं ७० गुण मिळत, आणि चालण्याचा संकल्प ज्या दिवशीं मोडेल त्या दिवसाचे १० गुण कापले जात. वर्षभरांत केवळ खेळाचा गट, ज्यांस असा खेळ नव्हता त्यांच्याहून, रोज सुमारें ५३८ पावलें अधिक चालत होता. ज्यांस बाजारांत कवडीहि मिळणार नाहीं, ते गुण जातील या भीतीनें माणसें चाललीं!

परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हृदय दुर्बल झालेल्या ६०५ रोग्यांवर सहा देशांत झालेल्या, आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, प्रयोगांत कांहींच्या घरीं ‘निन्टेंडो वी’ हें अंग हालवून खेळण्याचें यंत्र देण्यांत आलें. तीन महिन्यांनंतर सहा मिनिटांत चालण्याच्या परीक्षेंत ते इतरांहून विशेष पुढें गेले नाहींत. २०१६ सालीं ‘पोकेमॉन गो’ या खेळानें निरोगी तरुणांस वेड लावलें, तेव्हां पहिल्या आठवड्यांत त्यांचीं रोजचीं पावलें सरासरीनें ९५५ नीं वाढलीं. सहाव्या आठवड्यांत तीं पूर्ववत् झालीं. खेळ नवा असतो तोंवर तो खेळ असतो. रोग मात्र जन्माचा सोबती आहे.

आतां नीतीचा प्रश्न. कठोपनिषदानें श्रेय आणि प्रेय यांत भेद केला आहे, आणि धीर पुरुष श्रेयाचीच निवड करतो असें म्हटलें आहे. मग श्रेयास प्रेयाचा वेष चढविणें ही प्रौढ मनुष्याची विटंबना नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मुलास गुळांतून कडू गोळी देतांना गोळी लपविलेली असते. येथें रोगी स्वतःच, जाणून, गूळ मागून घेतो. आपलें मन दुर्बल आहे हें ओळखून त्यास आधार शोधणें हाहि विवेकच होय. पहांटे उठण्यासाठीं गजर लावणाऱ्यास कोणी संकल्पहीन म्हणत नाहीं. मात्र हें समर्थन त्याच्या संमतीवर उभें आहे. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यानें १९३८ सालच्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथांत स्वेच्छा हें खेळाचें पहिलें लक्षण मानलें आहे. डॉक्टरांनीं वा विमा कंपनीनें सक्तीनें खेळावयास लावलेला खेळ ही केवळ हजेरीची वही होईल.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. खेळांत जय-पराजय असतात, आणि पराजयास खेळाडू जबाबदार धरला जातो. परंतु दुर्बल हृदय सर्व नियम पाळूनहि बिघडूं शकतें. ज्या दिवशीं दम लागला त्या दिवशीं विश्रांति घेऊन डॉक्टरांस कळविणें हेंच रोग्याचें कर्तव्य. आणि नेमक्या त्याच दिवशीं पडद्यावर त्याचे गुण कापले जातात. मग तो काय करील? एकतर गुणांसाठीं न झेपणारें चालेल. नाहीं तर खोटी नोंद करील. किंवा, याहूनहि वाईट, आपला रोग हा आपलाच अपराध आहे असें मानूं लागेल. आजाऱ्यास आजाराबद्दल लाज वाटावयास लावणें यासारखी क्रूरता नाहीं, मग ती कितीहि रंगीत चित्रांनीं सजविलेली असो.

म्हणून खेळ नीतिदृष्ट्या ग्राह्य कीं त्याज्य, हें तो गुण कशाचे देतो यावरून ठरवावें. वजन उतरलें म्हणून गुण देऊं नयेत. वजन केलें, तो आंकडा लक्षपूर्वक पाहिला आणि वाढला असतां कळविला, म्हणून द्यावेत. अशुभ वार्ता प्रामाणिकपणें सांगणाऱ्यास तर सर्वांत अधिक द्यावेत. मनुष्याचा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाहीं, ही गीतेची शिकवण आपण जन्मभर ऐकत आलों. परंतु रोगशय्येवर तिचा जो अर्थ होतो तो फार साधा व दयेचा आहे. हृदयाचें वागणें सर्वस्वी आपल्या हातीं नाहीं. सकाळीं कांट्यावर उभें राहणें मात्र आपल्या हातीं आहे, आणि हिशेब तेवढ्याचाच मागितला जावा.