वही कोणासाठीं?

दिवाळींत दुकानदार वहीपूजन करितो. कीर्दींत रोजची देवघेव, खतावणींत ज्याचें त्याचें खातें, अशी ती वही वर्षभर भरत जाते. आणि ती काय बोलते त्यावर दोन मनुष्यांचें नातें टिकतें किंवा तुटतें. मग आम्ही विचारतों, वहींत लिहिलें तेवढ्यानेंच तें खरें झालें काय?

१८५९च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोखा तीनच वर्षें चाले. हेतु असा कीं, व्याज सांचूं नये. झालें उलट. दर तीन वर्षांनीं सावकार थकलेलें व्याज मुद्दलांत मिसळून नवा रोखा करी, आणि अक्षरशत्रु कुणबी त्याखालीं नांगराची निशाणी करी. आपण काय कबूल केलें, हें त्यास ठाऊकच नसे. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या दारीं जमले, आणि दंगा अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरला. कोठें लूटही झाली. पण मुख्य रोख रोख्यांवर व वह्यांवर होता. ते हातीं येतांच त्यांची होळी होई.

ही जाळपोळ आम्ही योग्य म्हणत नाहीं. खोट्या आंकड्याबरोबर खराही जळाला, आणि प्रामाणिकपणें कर्ज फेडणाऱ्याचा पुरावाही गेला. परंतु जो आंकडा एकासच वाचतां येतो, तो हिशेब नव्हे. तो हुकूम होय. १८७९च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें कुळास पावती व सालोसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला, तो याच कारणास्तव. पण कायदा कागद देऊं शकतो; वाचतां येणें देऊं शकत नाहीं.

आज गांवोगांवीं स्त्रियांचे बचत गट आहेत. जेथें जमा व कर्ज सर्वांदेखत वाचून दाखवितात, तेथें गरिबाचा रुपया निर्धास्त असतो. जेथें पुस्तक एकीच्याच पेटींत राहतें, तेथें ती निर्दोष असूनही संशय वाढतो.

आणि आपल्या घरीं? बायकोस मिठामिरचीचा हिशेब विचारणारा पुरुष आपल्या विडीचा व चहाचा खर्च कधीं सांगतो काय? एकानेंच मागावा व दुसऱ्यानेंच द्यावा, तो हिशेब नव्हे, पाळत होय. ज्यास हिशेब घ्यावयाचा आहे, त्यानें प्रथम आपला द्यावा. वही दोघांसमोर उघडी असली, म्हणजेच ती खरें बोलते.