रांगेत आलेली टोळी

चांगल्या घरची इंग्रज मुलं निर्जन बेटावर अडकतात, मोठ्यांचा धाक सुटतो आणि ती रानटी होतात. विल्यम गोल्डिंगच्या १९५४ सालच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’चं सार बहुतेक जण असंच सांगतात. जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या या कादंबरीत घडतं मात्र वेगळंच. त्या बेटावर सगळ्यात शिस्तीची असते ती जॅकची टोळी.

जॅक पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याच्या मागे चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांचं पथक असतं. अंगात काळे झगे, डोक्यावर टोप्या, दोन रांगा. भर उन्हात वाळू तुडवत ती येतात आणि जॅकने उभं केलं की उभी राहतात, पाय लटपटले तरी. त्यातला सायमन चक्कर येऊन कोसळतो. पुढे शिकारी होतात ती हीच पोरं.

पुढारी म्हणून निवडलेल्या राल्फच्या बाजूला शंख आहे, सभा आहे, शंख हातात असेल त्याची बोलायची पाळी आहे. ठराव होतात, झोपड्या बांधायला मात्र फारसं कुणी फिरकत नाही. (गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदांना हे ओळखीचं वाटेल.) फुटून निघालेल्या जॅकच्या गडावर पहारा असतो, हुकूम असतात, शिक्षा असते. विल्फ्रेड नावाच्या पोराला बांधून ठेवलेलं असतं, मार खायला. का, ते बांधणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

रात्री राल्फच्या झोपडीवर टोळीची धाड पडते तेव्हा त्याचा चष्मेवाला साथीदार पिगी याला वाटतं, शंख न्यायला आलेत. शंखाला ते हातही लावत नाहीत. नेतात ते पिगीचा चष्मा, कारण आग त्यानेच पेटते. (लांबचं न दिसणाऱ्याच्या भिंगातून जाळ होत नाही, ही गोल्डिंगची प्रसिद्ध चूक.)

गोल्डिंग सॉल्झबरीच्या शाळेत मास्तर होता आणि महायुद्धात नौदलात अधिकारी. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा हल्ला त्याने पाहिला होता. वर्गातली पोरं आणि हुकूम पाळणारे सैनिक, दोन्ही त्याच्या रोजच्या बघण्यातले. राल्फ आणि जॅक ही नावं त्याने घेतली बॅलंटाइनच्या १८५७ मधल्या ‘द कोरल आयलंड’ या कादंबरीतून. तिथे रानटी असतात ते बेटांवरचे लोक आणि चाचे, इंग्रज पोरं गुणी. गोल्डिंगने बेटावर स्थानिक माणूसच ठेवला नाही. दोष ढकलायला कुणी उरलं नाही.

गोल्डिंगला खोटं पाडायला हल्ली टोंगा या बेटांच्या देशाचा दाखला देतात. १९६५ मध्ये तिथली सहा शाळकरी मुलं होडी पळवून निघाली, वादळात सापडली आणि ओसाड ‘अटा’ बेटाला लागली. पंधरा महिन्यांनी पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन माणसाने त्यांना सोडवलं. त्यांनी बाग केली होती, आग विझू दिली नव्हती, एकाचा मोडलेला पाय बांधून बरा केला होता. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं, डोकं शांत झालं की परतायचं. हा दाखला गोल्डिंगविरुद्ध जातो असं मानणं घाईचं आहे. ती पोरं एकाच शाळेतली, एकमेकांना ओळखणारी. नियम त्यांच्यातही होते, पण ते राग उतरवायला, कुणाला वठणीवर आणायला नव्हे.

कादंबरीच्या शेवटी नौदलाचा अधिकारी येतो. ब्रिटिश मुलांनी याहून बरं वागायला हवं होतं, असं तो सुनावतो. गणवेश, रांग, हुकूम, सगळं त्याच्याकडेही आहे आणि तोही माणसांच्या शिकारीवरच निघालेला आहे. बाहेर युद्ध चालू आहे. शिवाय त्याचं जहाज बेटाकडे वळलं, ते सुटकेसाठी केलेल्या धुरामुळे नव्हे. राल्फला झाडीतून बाहेर काढून मारायला जॅकच्या पोरांनी लावलेला तो वणवा होता.