शेवट ठाऊक असलेली कादंबरी

आपण वर्गात जे शिकवितो ते विद्यार्थी बहुधा विसरतात. परंतु एखादा विद्यार्थी सहज बोलून गेलेले वाक्य शिक्षकाच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहते. गेल्या पावसाळ्यात मला असा अनुभव आला. साताऱ्याजवळच्या एका खेड्यातून सांगलीस शिकावयास आलेला, अठरा वर्षांचा एक मुलगा मजकडून विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी घेऊन गेला होता. पुस्तक प्रथम १९८८ साली प्रसिद्ध झाले. लेखक कोल्हापूर जिल्ह्यातील नेर्ल्याचे.  गावी जाता-येता एस. टी. मध्ये बसून त्याने पहिला भाग वाचला, आणि पुस्तक पुरे न करताच तो माझ्या घरी आला.

"सर," तो म्हणाला, "भाऊसाहेब हरणार हे मला पहिल्या पानापासून माहीत आहे. तरी वाचताना सारखे वाटते, की या खेपेस तरी ते जिंकतील. हा वेडेपणाच नव्हे का?"

मी पंतोजीच्या सवयीने उत्तर दिले. ग्रीक नाटकांच्या प्रेक्षकांसही ईडिपस राजाचा शेवट आधीच ठाऊक असे, तरी त्यांचा जीव टांगणीस लागे, वगैरे सांगितले. त्याने ते आदराने ऐकून घेतले व मग विचारले, "मग भाऊसाहेब चुकले असे आपण म्हणतो, ते ते चुकले म्हणून, की हरले म्हणून?"

या प्रश्नास माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते.

वास्तविक आपल्या भाषेनेच हा निकाल कधीचा देऊन टाकला आहे. परीक्षेत, निवडणुकीत वा व्यापारात कोणी सपाटून हरला, की त्याचे 'पानिपत झाले' असे आपण म्हणतो. ज्या रणावर माणसे अन्नावाचून झुरत असताही उभी राहून लढली, त्याचे नाव केवळ पराभवाचा वाचक होऊन बसले. हेच सदाशिवराव भाऊ फेब्रुवारी १७६० मध्ये उदगिरास निजामावर विजय मिळवून आले, तेव्हा त्यांच्या धडाडीचे सर्वत्र कौतुक झाले. अकरा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, त्याच धडाडीस हट्ट हे नाव मिळाले. गुण तोच, माणूसही तोच. पालटला तो फक्त शेवट. मग आपण निवाडा करतो तो माणसाचा, की त्याच्या दैवाचा?

याचा अर्थ कोणासही दोष देऊ नये, असा मात्र नव्हे. तसे मानले तर कर्तव्य या शब्दालाच अर्थ उरणार नाही. मला वाटते, येथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या केल्या पाहिजेत. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊंच्या व दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. नदीला पाणी इतके होते, की तो ती उतरेल असे मराठ्यांच्या छावणीत कोणास वाटले नाही. आज नकाशा पुढे ठेवून आपण हसतो. पण त्या दिवशी कुंजपुऱ्यास असतो, तर आपणही तसेच समजून चाललो असतो. ही चूक ठरली ती मागाहून. याउलट, बायकामुले, यात्रेकरू आणि अवजड सामान सुरक्षित ठिकाणी मागे ठेवून हलक्या फौजेनिशी लढावे, असा सल्ला सुरजमल जाटाने दिल्याचे नमूद आहे. तो भाऊंनी मानला नाही. छावणीचा कोंडमारा झाला तेव्हा त्या हजारो नि:शस्त्र तोंडांनी शिल्लक धान्याचा फडशा पाडला, आणि लढाई संपल्यावर त्या जिवांचे जे झाले ते लिहवत नाही. हा धोका दिसत होता, कोणी बोलूनही दाखविला होता. पानिपतावर जय मिळाला असता, तरीही हा निर्णय सदोषच ठरला असता. मात्र त्याचा दोष कोणी उच्चारला नसता, एवढेच!

तेव्हा न्यायाची कसोटी ही, की त्या घडीस त्या माणसास काय दिसत होते व काय दिसू शकत होते. शेवट ठाऊक असणारा वाचक ही कसोटी सहज विसरतो. आणि म्हणूनच त्या मुलाच्या मनातील ती भाबडी आशा मला वेडेपणाची वाटेनाशी झाली. कादंबरी वाचताना तो भाऊंच्या शेजारी, त्यांच्याच अज्ञानात उभा राहिला होता. इतिहास आपल्याला काय घडले ते सांगतो. चांगली ऐतिहासिक कादंबरी ते घडण्यापूर्वीचा क्षण आपल्या हाती परत देते. निवाड्यास बसण्यापूर्वी त्या क्षणात काही काळ राहून येणे, हा केवळ रसिकतेचा नव्हे, नीतीचाही भाग आहे.

त्याच छावणीत दोन तरुण होते, दोघांचाही जन्म १७४२ चा. एक पेशव्यांचा पुत्र विश्वासराव. तो रणात गोळी लागून पडला. दुसरा साताऱ्यास जन्मलेला नाना फडणीस. तीर्थयात्रा घडावी म्हणून त्याची आई व पत्नी बरोबर आल्या होत्या. पळापळीत तो स्वतः वाचला, पत्नी पुढे भेटली, आई मात्र कायमची अंतरली. मराठी राज्याचा कारभार पुढे अनेक वर्षे ज्याने सांभाळला, तो हाच पळून आलेला मुलगा. त्या संध्याकाळी त्यास कोणी भ्याड म्हटले असते, तर तो शब्द आज आपण खरा मानला असता काय?

हे सारे मी त्या मुलास पुढच्या भेटीत सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, पुढल्या महिन्यात सैन्यभरती आहे. आई नको म्हणते. तुमच्याकडून वर्तणुकीचा दाखला हवा होता."

साताऱ्याकडच्या मुलाने हे विचारावे यात नवल नाही. त्या जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आल्याचे सांगतात. नवल माझेच वाटले. इतका वेळ दुसऱ्यांच्या निर्णयांचे पृथक्करण करणारा मी, लेखणी हाती धरून थबकलो. या कादंबरीचा शेवट मला ठाऊक नव्हता. उद्या तो मानाने परतला तर लोक म्हणतील, मास्तरांनी पोराचे कल्याण केले. काही विपरीत घडले तर त्याची आई मला काय म्हणेल, हे मनात आणवेना. दाखला मात्र दोन्ही वेळी तोच असणार होता.

मी त्याला विचारले, आईचे म्हणणे पुरते ऐकून घेतलेस काय? तो म्हणाला, "नाही." "आधी गावी जाऊन ये," मी म्हटले, "तिला जे दिसते ते तुला दिसत नसेल." तो गेला, चार दिवसांनी परत आला आणि म्हणाला, की आई रडली, परंतु जा म्हणाली. मी दाखला लिहून दिला. त्यात जे मला ठाऊक होते तेवढेच लिहिले.

पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. शेवटची पाने त्याने वाचली किंवा नाही, हे मी विचारलेले नाही.