बातमी कशाला म्हणायचं?

सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये बालहत्येच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झाली, तेव्हा 'पुणेवैभव' या वृत्तपत्राने साऱ्या स्त्रीजातीलाच दोषी ठरवलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून त्याचा खरपूस समाचार घेतला. पण हे उत्तर त्यांना पुस्तक काढून द्यावं लागलं. बाईबद्दल छापायचं काय, हे ठरवणारी खुर्ची पुरुषाचीच होती.

ती खुर्ची तानूबाई बिर्जे यांना मिळाली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेलं 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचं पत्र नारायण मेघाजी लोखंडे यांच्यानंतर वासुदेवराव बिर्जे चालवत होते. त्यांच्या निधनानंतर १९०६ मध्ये तानूबाईंनी संपादकपद घेतलं आणि १९१२ पर्यंत सांभाळलं. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या बाईंच्या हाती महिलांसाठी राखून ठेवलेलं पान नव्हतं, शेतकऱ्या-कामकऱ्यांचं अख्खं पत्र होतं. म्हणूनच त्यांचं मोठेपण 'पहिली स्त्री संपादक' एवढ्या बिरुदात मावत नाही.

पुढे १९३० मध्ये किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक निघालं. त्यामुळे मध्यमवर्गीय घरातली बाई लिहू लागली, मन मोकळं करू लागली. पण रानातली, मजुरीवरची बाई अजून या पानांपासून दूरच होती.

तिच्यापाशी पोचायला आपला जिल्हा कारण ठरला. भद्रावतीकर आजही ज्या गावाला वडसा म्हणतात, ते देसाईगंज १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, हे कारण दिलं गेलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. वडशाची गोष्ट देशाची झाली ती तेव्हा, सात वर्षांनी. १९८० मध्ये शहराशहरांत बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापायला बंदी आली तीही त्याच दुरुस्तीने.

या धगीतूनच स्त्रीवादी पत्रकारिता घडली. 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढलं. घरातलं, शरीरातलं, कामातलं दुःख खासगी नसतं, त्यामागे व्यवस्था असते, हा विचार तिथे महिन्या-महिन्याला मांडला गेला. ताराबाईंनी उत्तर दिलं, तानूबाईंनी निर्णय हाती घेतला, विद्याताईंनी विषयच बदलले.

आता आपल्याकडची नेहमीची बातमी घ्या: मोहफुलं वेचायला गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार. नाव, वय, गाव, वनविभागाची मदत, एवढ्यात ती संपते. झुंजूमुंजू असताना ती रानात का गेली, टोपलीभर मोहाचे तिला किती मिळत होते, ते पैसे घरात कशाला लागत होते, हे कुणी विचारत नाही. हे प्रश्न बातमीच्या पहिल्या परिच्छेदात आले पाहिजेत, आणि ते विचारणाऱ्या बातमीदार मुली भद्रावती, सिंदेवाही, मूलमधूनच उभ्या राहिल्या पाहिजेत. तानूबाईंचा वारसा पुरस्कारांपेक्षा अशा मुलींच्या नेमणुकांनी पुढे जाईल.